अख्खी वेबसाइट घरी कशी आणावी

इंटरनेट एक दिवस बंद पडणार, अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीच पुढे वाचावे. इतरांनी बुकमार्क करून समाधान मानावे.

श्रद्धेला पुरावा आहे. याहूने ऑक्टोबर २००९मध्ये जिओसिटीज ही लोकांच्या वेबपानांची सेवा अमेरिकेत बंद केली. लोकांनी हौसेने सजवलेली, लुकलुकत्या अक्षरांची असंख्य पाने त्याबरोबर गेली असती. पण ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांनी हाती लागतील तेवढी उतरवून घेतली आणि पुढे ६०० जीबीहून मोठा गठ्ठा टोरेंटवर सगळ्यांसाठी खुला केला. घरात कोणी ‘हे सगळं कशाला?’ म्हणाले, तर हा दाखला द्यावा. ते सगळ्यांसाठी होते आणि आपले फक्त आपल्यासाठी आहे, हा मुद्दा आपण होऊन काढू नये.

आता साधने. ब्राउझरमधले ‘सेव्ह पेज’ विसरा; त्यात एकच पान येते आणि सोबत एक फोल्डर, जो पुढे वर्षानुवर्षे डेस्कटॉपवर पडून राहतो. खरे पर्याय दोन. एचटीट्रॅकमध्ये खिडक्या आणि बटणे आहेत, सगळे समजते, म्हणून ते टाळावे. डब्ल्यूगेट १९९६पासून चालत आलेले आहे. ते काळ्या पडद्यावर चालते आणि त्यात अक्षरे भराभर वर सरकत राहतात. मागून जाणारा माणूस थबकतो. हा फायदा कोणत्याही मॅन्युअलमध्ये नोंदवलेला नाही.

काम साधे आहे. प्रोग्रॅम पहिले पान आणतो, त्यातल्या लिंका काढतो, ती पाने आणतो, मग त्यांतल्या लिंका. ‘रिकर्सिव्ह’ म्हटले आणि खोली सांगितली नाही, तर तो पाच पायऱ्या खोल जाऊन थांबतो. ‘मिरर’ म्हटले की थांबत नाही. ‘पेज-रिक्विझिट्स’ म्हटले की चित्रे आणि सजावटही येते. ‘कन्व्हर्ट-लिंक्स’ने उतरवलेल्या पानांकडे जाणाऱ्या लिंका तुमच्या डिस्ककडे वळतात, पण हे काम अगदी शेवटी, सगळे उतरल्यावर होते. तेव्हा शेवटच्या तासात वीज गेली, तर हाती पाने राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच लिंका अजूनही इंटरनेटकडे बोट दाखवतात. ‘स्पॅन-होस्ट्स’ हा पर्याय मात्र जपून. त्याने प्रोग्रॅमला दुसऱ्यांच्या वेबसाइटवरही जाता येते. तो आणि ‘मिरर’ एकत्र दिले, तर तुम्ही वेबसाइट नव्हे, इंटरनेट घरी आणायला निघालात.

सुरुवात एखाद्या छोट्या वाचनालयाच्या वेबसाइटपासून करावी. छोटी आहे, रात्रीत होईल, असे वाटते. तिथे कार्यक्रमांचे कॅलेंडर असते आणि त्यात ‘पुढचा महिना’ नावाची लिंक असते. माणूस दोनदा दाबून कंटाळतो. प्रोग्रॅमला कंटाळा ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक महिना हे नवे पान आणि प्रत्येक पानावर आणखी एक लिंक. सकाळी तुम्ही चहा घेऊन बसाल, तेव्हा तो सन २४५०मध्ये असेल आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात वाचनालयात एकही कार्यक्रम नाही, ही माहिती तुमच्या डिस्कवर कायमची जमा झालेली असेल. कॅलेंडर वगळण्याची सोय आहे. ती पहिल्या फेरीनंतर शोधण्याची प्रथा आहे.

प्रत्येक वेबसाइटच्या दाराशी रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल असू शकते. १९९४मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेली ही पद्धत म्हणजे ‘येथे वाहने लावू नयेत’ अशी पाटी: पहारेकरी नाही, सगळा भरवसा वाचणाऱ्यावर. डब्ल्यूगेट ती आपण होऊन पाळते. न पाळायलाही शिकवता येते, पण शिकवू नये. दोन पानांमध्ये थोडे थांबायलाही सांगावे. वाचनालयाचा सर्व्हर बहुधा स्वस्तातला, भाड्याचा असतो. त्यावर एका दमात हजारो मागण्या टाकल्यात, तर वेबसाइट एक दिवस बंद पडणार ही तुमची भीती त्याच रात्री खरी ठरेल, आणि तुमच्याच हातून.

हा सगळा खटाटोप नको असेल, तर किविक्स नावाच्या प्रकल्पाकडे अख्खा मराठी विकिपीडिया तयार फाइलमध्ये मिळतो. फाइल उतरवा, उघडा, वाचा. आतला शोधसुद्धा चालतो. यात काहीच पराक्रम नसल्यामुळे हा पर्याय या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

आजकालच्या पुष्कळ वेबसाइट जावास्क्रिप्टवर चालतात. पान रिकामेच येते आणि मजकूर मागाहून सर्व्हरवरून मागवला जातो. अशी वेबसाइट उतरवल्यास बऱ्याचदा पांढरे पान आणि मधोमध फिरणारे चक्र मिळते. चक्र इंटरनेटशिवायही उत्तम फिरते.

शेवटी, संग्रहाचा वापर. इंटरनेट खरोखर गेले की हार्ड डिस्क जोडावी आणि पहिले पान उघडावे. ते हुबेहूब दिसेल, कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीसह. तिच्यात काही टाइप करू नये. शोधणारा सर्व्हरवर राहिला, घरी फक्त चौकट आली आहे. हवे ते पुस्तक यादीत आहे की नाही हे तातडीने पाहायचे असेल, तर शेजाऱ्यांकडे हॉटस्पॉट मागावा.