आवक क्रमांक

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतातच. नोकरीतून निवृत्त होतात, पाठपुराव्यातून होत नाहीत. वीजबिलावर अजून जुन्या मालकाचं नाव येतंय, गॅसचं अनुदान भलत्याच खात्यात जमा होतंय, असलं काही कानावर आलं की यांची कळी खुलते. आमचे अण्णा साताऱ्याचे. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत उभी हयात काढलेली. जेवतानाही ‘आमटीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास आले आहे’ असं बोलतात आणि काकू ‘नोंद घेतली’ म्हणत मिठाची बरणी पुढे सरकवतात.

हे अण्णा हल्ली पॉडकास्ट करतात. विषय, बदल्या. कोणाची कुठल्या तालुक्यात झाली, कोणी कोणाच्या चिठ्ठीवर थांबवली. पहिले पाहुणे एक निवृत्त ग्रामसेवक. पुतण्याने घालून दिलेल्या सॉफ्टवेअरवर तासभर रेकॉर्डिंग झालं आणि ऐकायला बसलो, तर दोघांचेही आवाज विहिरीतून आल्यासारखे जड, रेंगाळत येणारे. तासाची मुलाखत पासष्ट मिनिटांची झालेली. ग्रामसेवक खूश. जन्मभर किनऱ्या आवाजापायी चेष्टा सोसलेल्या माणसाला पहिल्यांदाच कलेक्टरचा आवाज लाभला होता. अण्णा मात्र अस्वस्थ. ‘वरची पाच मिनिटं आली कुठून? हिशेब लागत नाही.’

अशा वेळी बाकीचे काय करतात, ते मी स्वतःवरून सांगतो. मागच्या महिन्यात माझ्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा लॅपटॉपचा पंखाच जास्त बोलला. मी कंपनीला लिहिलं, ‘आवाज नीट येत नाही. अर्जंट!!!’ मिनिटभरात यंत्राचं उत्तर आलं, सॉफ्टवेअर काढा, पुन्हा टाका. काढलं, टाकलं. पंखा बोलतोच आहे. मी पुन्हा लिहिलं, आणखी दोन उद्गारचिन्हं वाढवून. यंत्राने तेच उत्तर पुन्हा धाडलं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! मी दिलं काय होतं त्याला, उद्गारचिन्हांशिवाय?

अण्णांनी वही काढली. उभ्या रेघा मारल्या : आवक, जावक, दिनांक, विषय, शेरा. कंपनीकडून ‘तिकीट क्रमांक’ आला तेव्हा क्षणभर गडबडले, त्यांना तिकीट ठाऊक ते एसटीचं. मग चेहरा उजळला. ‘अरे, हा तर आवक क्रमांक!’ लाल पेन्सिलीने खाली दोन रेघा.

त्यानंतर जे पत्र गेलं ते इंग्रजीत होतं, पण त्याची हाडं अस्सल मराठी शासकीय. विषय एका ओळीत. संदर्भ, तिकीट अमुक. मग परिच्छेद अ : सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, माइकचं मॉडेल. ब : काय केलं, कोणतं बटण आधी, कोणतं नंतर. क : काय व्हायला हवं होतं. ड : काय झालं. एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी काकूंना घड्याळ धरायला लावून दहा मिनिटांची चाचणी घेतली होती. ती भरली दहा मिनिटं त्रेपन्न सेकंद. सहपत्रे तीन : आवाजाचा नमुना, लॉग फाइल, स्क्रीनशॉट.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते चक्क माणसाचं. एका बाईंचं. त्रेपन्न सेकंदांवरूनच त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, विंडोजमध्ये माइकला सेकंदाला 48,000 नमुने आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये 44,100, असं लावलंय का? होतं तसंच. 44,100 हा सीडीचा आकडा, 48,000 व्हिडिओवाल्यांचा, आणि दोघांची गाठ अण्णांच्या बैठकीच्या खोलीत पडलेली. काकूंना अण्णांनी समजावलं ते असं : ‘दिवसाला अठ्ठेचाळीस हजार गोण्या येतायत आणि हमाल उचलतायत चव्वेचाळीस हजार शंभरच. काम लांबणार नाही तर काय?’ दोन्हीकडे 48,000 केलं. झालेली मुलाखतही वाया गेली नाही. फाइलचा खरा दर सॉफ्टवेअरला सांगितला आणि ग्रामसेवक पुन्हा किनऱ्या आवाजात बोलू लागले. ते अजून अण्णांशी नीट बोलत नाहीत.

अण्णांनी कंपनीला आभाराचं पत्र धाडलं. ‘प्रकरण दप्तरी दाखल करण्यास हरकत नाही.’ खाली, प्रत माहितीसाठी, बाईंचे वरिष्ठ. तक्रार करताना वरिष्ठ सगळ्यांनाच आठवतात, काम झाल्यावर त्यांना कळवणारा माणूस मी हा एकच पाहिला. अर्थात आता चटक लागली आहे. मेनूतल्या एका स्पेलिंगच्या चुकीबद्दल बाईंना दोन स्मरणपत्रं गेली आहेत. तिसऱ्याचा मसुदा मी वाचला आहे. बाईंची मला काळजी वाटते.

शेवटी माझं पंख्याचं प्रकरण मीही त्यांच्याकडे नेलं. नोंद झाली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, ‘सॉफ्टवेअरमध्ये माइक कोणता निवडलास?’

निवडायचा असतो, हेच मला ठाऊक नव्हतं. साडेतीन हजारांचा माइक तोंडासमोर नुसता उभा होता आणि ऐकत होता लॅपटॉपच्या पोटातला, पंख्याच्या शेजारचा.

आवक क्रमांक 17. शेरा : अर्जदाराची चूक.