एका महिन्यात दोन पगार

ब्रिटनमध्ये बेकार माणसाला नोकरी लागली की अभिनंदन सगळे करतात, उसने पैसे कोणी देत नाही. पगार महिनाअखेरीला, बसचा पास आणि काळे बूट मात्र पहिल्याच सोमवारी. मधले आठवडे उत्साहावर काढायचे. सल्लागार सांगतात, बजेट आखा. कशाचं, ते विचारू नये.

‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा सरकारी भत्ता नोकरी लागताच एकदम बंद होत नाही, हे खरं. काहींना थोडी सूट मिळते. त्यापलीकडे हाती येणाऱ्या दर पौंडामागे तो ५५ पेन्सने घटतो. २०२१ च्या अखेरीपर्यंत ६३ पेन्स जायचे, म्हणजे हा उदारपणाच की!

खरी मौज तारखांची. भत्त्याचा महिना ज्याचा त्याचा वेगळा. पगाराचा दिवस रविवारी आला, मालकाने शुक्रवारीच पैसे जमा केले, की काहींच्या खात्यावर एकाच महिन्यात दोन पगार दिसायचे. संगणकाच्या लेखी बाई एका रात्रीत श्रीमंत! भत्ता कापा. पुढच्या महिन्यात पगार शून्य, म्हणजे बाई पुन्हा कंगाल. घरभाडं मात्र दोन्ही महिन्यांत तेवढंच.

चार एकल माता कोर्टात गेल्या. सरकारनेही वकील उभे करून हा हिशेब नेटाने लढवला. २०२० साली अपील न्यायालयाने तो तर्कविसंगत ठरवला, मग नियम बदलला. महिनाअखेरीला कधीकधी रविवार येतो, एवढं सरकारी खात्याच्या गळी उतरवायला बॅरिस्टर लागले.