दोन फुटांचा उजेड

अमरावती आणि अकोला या दोन शहरांतील मध्यमवर्गीय वस्त्यांचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्यास एक विशिष्ट गृहस्थ वारंवार आढळतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत, वास्तुशास्त्राने सांगितलेल्या ईशान्य कोपऱ्यात, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी असते. पेटीत गोल्डफिश, एंजल, मॉली अशी सर्वधर्मसमभावाने एकत्र आणलेली मासळी असते. आणि पेटीच्या झाकणाखाली जो दिवा लागलेला असावयास हवा तो बहुधा बंद, उघडलेला किंवा विचाराधीन असतो. या गृहस्थास सोयीसाठी येथे ‘मत्स्यपाल’ म्हटले आहे. उपजीविकेसाठी शेततळ्यात मासे वाढवणाऱ्याशी त्याचा संबंध नाही, आणि ज्याला शौकीन म्हणतात त्या वर्गातही तो मोडत नाही, कारण शौकीन माणूस किंमत विचारून झाल्यावर वस्तू घेतो. मत्स्यपालाच्या बाबतीत किंमत विचारणे ही खरेदीची पहिली पायरी नसून तिचा शेवट असतो.

हा गृहस्थ सामान्यतः पंचेचाळीस ते पासष्ट या वयोगटातील, शिक्षक, बँकेतील कर्मचारी, जिल्हा परिषदेतील लिपिक किंवा कृषी विद्यापीठातील नोकरदार असतो. पेटी त्याने स्वतः क्वचितच विकत घेतलेली असते. ती मुलाच्या दहावीच्या टक्क्यांवर कबूल केलेली किंवा बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्याने जाताना गळ्यात घातलेली असते. या गृहस्थांतील वयस्कर नमुन्यांनी शाळेच्या सहलीत मुंबईचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेले असते आणि मासे कसे ‘दिसले’ पाहिजेत याची त्यांची कल्पना तेथेच कायमची ठरून गेलेली असते, ही गोष्ट पुढील सर्व खटाटोपाचे मूळ म्हणून ध्यानात ठेवावी लागते. माशांना स्वतःला प्रखर उजेडाची फारशी गरज नसते. दिवस कोणता आणि रात्र कोणती एवढे कळले की त्यांचे भागते. उजेड लागतो तो पाण्यातील वनस्पतींना आणि सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना.

दिवा जातो कसा, याची कारणे स्थानिक आहेत. पेटीवरील झाकणाच्या आतल्या बाजूस, पाण्यापासून जेमतेम चार बोटांवर, दिवा बसवलेला असतो आणि त्यावर दिवसभर वाफ व हवेच्या पंपाने उडवलेले तुषार बसत राहतात. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येत असले, तरी अकोल्यात नळ कित्येक दिवसांच्या खंडाने येतो, आणि आलेले पाणी माशांना घालण्याइतका उदारपणा कोणतीही गृहिणी दाखवत नाही. साहजिकच पेटीत बोअरचे पाणी जाते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ज्या भूभागात जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त असते त्यास खारपाणपट्टा म्हणतात, आणि या पट्ट्यातील बोअरच्या पाण्याचे तुषार वाळले की दिव्याच्या काचेवर पांढरा थर चढतो, तो थर पुढे तारेच्या जोडापर्यंत पोहोचतो आणि तांब्यावर हिरवी पुटे धरू लागतात. त्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. एलईडी दिव्यात घरातील विजेचे दिव्यास मानवेल अशा विजेत रूपांतर करणारे जे छोटे मंडल असते त्यास ड्रायव्हर म्हणतात. त्यातील कपॅसिटर हा भाग उष्णतेने लवकर म्हातारा होतो, आणि मग दिवा आधी डोळे मिचकावू लागतो व एके दिवशी मिटतो. दिव्यातील उजेड देणारे मणी शाबूत असतात, मरतो तो ड्रायव्हर. मत्स्यपालास हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हेच त्याच्या खर्चिक आयुष्याचे कारण ठरते.

दिवा गेल्यावर तो प्रथम माशांच्या दुकानात जातो. या दुकानातील माल, म्हणजे मासे, पुष्कळदा कोलकात्याकडून हावडा–मुंबई मार्गावरील गाडीने, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत अमरावतीजवळच्या बडनेऱ्यास किंवा अकोल्यास उतरलेला असतो. दिवे चीनचे असतात. दुकानदार पारदर्शक वेष्टनातील एक सडपातळ दिवा काढतो, त्याच्या दोन्ही टोकांना काचेवर टेकवायचे पाय असतात, आणि किंमत अकराशे रुपये असते. मत्स्यपाल दिवा हातात घेतो, उलटा करतो, वॅटचा आकडा वाचतो आणि एक दीर्घ उसासा सोडतो. पुढील संवाद दोन्ही शहरांत जवळपास सारखाच होतो.

“दहा वॅट? भाऊ, इलेक्ट्रिकवाल्याकडं दहा वॅटची पट्टी दोनशेले भेटते.”

“सर, थे घरची पट्टी हाय. हा फिशटँकचा लाइट हाय. फरक हाय ना मधात!”

“फरक कायचा? दोन्हीत एलईडीच हाय ना? अन् मासोईले काय बिल दाखोता का तुमी?”

“सर, हा वॉटरप्रूफ हाय.”

“गॅरंटी?”

यावर दुकानदार चिनी मालाविषयी सर्व बाजारपेठांत प्रचलित असलेले ‘चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक’ हे हिंदी वचन ऐकवतो, आणि मत्स्यपाल विजयी मुद्रेने, काहीही न घेता, बाहेर पडतो. रिकाम्या हाताने दुकानाबाहेर पडणे ही त्याच्या लेखी त्या दिवसाची कमाई असते, आणि घरी सांगताना अकराशे रुपये वाचवले असेच तो सांगतो.

येथून त्याचा अभ्यासकाळ सुरू होतो, आणि या काळाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बी.ए.ला इतिहास घेतलेला मनुष्य साठीच्या उंबरठ्यावर प्रकाशाचे पदार्थविज्ञान शिकतो आहे, असे दृश्य अन्यत्र दुर्मीळ आहे. जुन्या पेटीत नळीदिवा, म्हणजे बोलीतली ट्यूबलाइट, असे. या नळ्यांची जाडी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणून एक इंच म्हणजे सुमारे २६ मिलिमीटर जाडीची नळी टी-८ आणि १६ मिलिमीटरची टी-५. दोन फुटी टी-८ नळी १८ वॅटची असते, आणि तिला पेटवून आवरून धरणारा तांब्याच्या वेटोळ्यांचा चोक स्वतःच आठ-दहा वॅट खातो. पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणाऱ्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली अशा नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले आहे. तो निर्णय मत्स्यपालाच्या कानावर आलेला नसतो, परंतु दोन फुटी नळी मागितल्यावर “आता येत नाही सर” हे उत्तर आलेले असते, आणि त्यामागे दुकानदाराचा डाव आहे अशी त्याची पक्की समजूत असते.

मग तो केल्विन शिकतो. प्रकाशाचा रंग पिवळसर आहे की निळसर हे सांगणाऱ्या मापास केल्विन म्हणतात. सुमारे २७०० केल्विनचा उजेड जुन्या पिवळ्या बल्बासारखा आणि ६५०० केल्विनचा भर दुपारच्या उजेडासारखा दिसतो. पाणवनस्पतींस ६५०० केल्विनचा उजेड मानवतो, असे वाचल्यावर तो घरातील सर्व दिव्यांची खोकी शोधून काढतो, आणि स्वयंपाकघरातील पट्टीच्या खोक्यावर ‘कूल डे लाइट ६५००’ हीच अक्षरे छापलेली पाहून त्याला जो आनंद होतो तो पगारवाढीच्या आनंदाहून कमी नसतो. दुकानदार ज्यास वनस्पतींचा खास दिवा म्हणतो त्यातला पांढरा उजेड आणि भाजी चिरताना पडणारा उजेड एकाच जातीचा आहे, हा त्याचा निष्कर्ष बव्हंशी बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे. खास दिव्यात तांबडे व निळे मणी जादा असतात, कारण वनस्पतींतील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते, हेही खरे; परंतु जावा फर्न, ॲनुबियास किंवा हायड्रिला यांसारख्या सोशिक वनस्पतींना साधी पांढरी पट्टी पुरते. या सर्व विवेचनात एकच बाब मत्स्यपालाच्या नजरेतून निसटते, ती म्हणजे त्याच्या पेटीतील सर्व वनस्पती प्लॅस्टिकच्या असतात.

खरेदीचे भूगोलशास्त्रही नोंदवण्यासारखे आहे. अमरावतीच्या मत्स्यपालाची श्रद्धा अशी, की विजेचा माल अकोल्याच्या टिळक रोडवर स्वस्त मिळतो. अकोल्याच्या मत्स्यपालाची श्रद्धा अशी, की तोच माल अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपास स्वस्त मिळतो. आणि लग्न, तेरवी किंवा कार्यालयीन बैठक या निमित्ताने जो तो दुसऱ्याच्या गावी जाऊन स्वतःच्या गावचाच भाव ऐकून परत येतो. या दोन शहरांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूर या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून जागतिक विक्रम करण्यात आला. त्याच रस्त्याने दोन फुटांच्या एका दिव्याची चौकशी गेली कैक वर्षे इकडून तिकडे चालू आहे.

अखेरीस दिवा बाजारातून येतच नाही. तो घरातील एका खणातून निघतो. प्रत्येक मत्स्यपालाच्या घरी असा एक खण असतो, ज्यात बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचे ॲडाप्टर, उजाला योजनेत घेतलेल्या नऊ वॅटच्या बल्बांची टोपणे, तीन स्टार्टर आणि गणपती उठल्यावर निम्म्या भावात आणलेली एलईडी फीत यांचा संचय असतो. ही फीत बारा व्होल्टवर चालते, दर तीन मण्यांनंतर असलेल्या खुणेवर कापता येते, आणि तिच्यावरील ५०५० हा आकडा मण्याची लांबी-रुंदी पाच-पाच मिलिमीटर आहे एवढेच सांगतो. तो प्रखरतेचा आकडा आहे असे समजून शेजाऱ्यांनी भारावून जाऊ नये. मीटरला साठ मण्यांची अशी फीत सुमारे १४ वॅट घेते, म्हणजे दोन फुटांस साडेआठ वॅट, म्हणजे पाऊण अँपिअरहून किंचित कमी. आणि सेट-टॉप बॉक्सच्या ॲडाप्टरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असे लिहिलेले असते. हा हिशेब वहीच्या पाठकोऱ्या पानावर जुळतो त्या रात्री मत्स्यपालास झोप येत नाही. पीओपीच्या छतासाठी मिळते ती ॲल्युमिनियमची पन्हळ आणून तो फीत तिच्यात चिकटवतो, कारण पन्हळ उष्णता ओढून घेते व मणी टिकतात, आणि हे काम, कोणीही कबूल करील, अकराशेच्या दिव्याहून निगुतीचे होते. फीत मात्र गणपतीची असल्याने निळी-गुलाबी असते. तिच्या उजेडात एंजल मासे मंगल कार्यालयात स्वागताला उभ्या असलेल्या वधूपक्षासारखे दिसू लागतात.

या प्रकारात विनोद संपतो असा एक मुद्दा आहे. बारा व्होल्टची फीत ओली झाली तर बहुधा विझते, परंतु घरातील २३० व्होल्टची पट्टी उघड्या टोकांनी पाण्यावर टांगणे हा काटकसरीचा प्रकार नव्हे. जाणते इलेक्ट्रिशियन वायर बोर्डाच्या पातळीखाली एक झोळ देऊन मग वर नेतात, जेणेकरून वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकावे व बोर्डात शिरू नये. आणि गळती होताच वीज तोडणारे, आरसीसीबी नावाचे उपकरण बसवून घ्यावयास सांगतात. मत्स्यपाल झोळ देतो, कारण तो फुकट असतो. आरसीसीबीची किंमत ऐकून तो पुन्हा उसासा सोडतो, आणि येथे मात्र त्याच्याविषयी सहानुभूती बाळगता येत नाही. हात पाण्यात घालण्यापूर्वी पिन काढण्याची सवय त्याच्या घरात सर्वांना असते, एवढाच दिलासा.

दिवा लागला की तो बंद करणे मत्स्यपालाच्या जिवावर येते. पूर्वी चोकसह अठ्ठावीस वॅट जात, आता साडेआठ जातात, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने महिन्याला साधारण पावणेपाच युनिट वाचतात, आणि वाचलेली वीज वापरून टाकण्याचा मोह अनावर होऊन तो दिवा सकाळी आंघोळीनंतर लावतो व रात्री बातम्या संपल्यावर मालवतो. पेटीला सहा ते आठ तास उजेड पुरे असतो. त्याहून अधिक दिला, आणि खालच्या पाण्यात माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून नायट्रेट-फॉस्फेट साचलेले असले, की प्लॅस्टिकच्या वनस्पतींना नसले तरी शेवाळाला ते पोषक ठरते. तीन आठवड्यांत काचा हिरव्या होतात. गृहिणीचे मत अशा वेळी थोडक्यात व्यक्त होते: “मासोया दिसून नाही राह्यल्या, अन् लाइट कायले पाह्यजे आता?” मत्स्यपाल त्याचा अर्थ दिवा कमी पडतो असा लावतो, आणि फीत दुहेरी करण्याचे ठरवतो, ज्यासाठी दोन अँपिअरचा ॲडाप्टर लागतो, जो खणात नसतो.

माशांच्या दुकानदारांनी या वर्गाची नोंद घेतलेली नाही असे समजण्याचे कारण नाही. अलीकडे काही दुकानांत, अकराशेच्या दिव्यांच्या रांगेमागे, विजेच्या दुकानातून घाऊक आणलेल्या साध्या दोन फुटी पट्ट्या खोक्यातून काढून, टोकांना सिलिकॉन भरून ठेवलेल्या असतात. त्या दर्शनी मांडलेल्या नसतात. मत्स्यपाल आला, दिवा उलटा करून वॅट वाचू लागला, की दुकानदार आवाज उतरवून म्हणतो, “सर, तुमच्यासाठी एक वेगळा माल हाय, सगळ्याइले नाही देत मी,” आणि चारशे रुपये सांगतो. मत्स्यपाल तीनशे म्हणतो, घासाघीस होऊन व्यवहार साडेतीनशेवर ठरतो, दोनशेची पट्टी पिशवीत जाते, आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसातशे रुपये वाचलेले असतात.