संगणकाला अवघड गणितं घालू नयेत

संगणक विकणारा माणूस एकाच बैठकीत दोन भाषणं करतो. पहिल्या भाषणात यंत्र अजिंक्य असतं. प्रोसेसर ताजा, बॉडी धातूची, "पाच-सहा वर्षं बघायलाच नको, सर." आपण कार्ड काढतो. पैसे गेल्याचा मेसेज फोनवर वाजला, की दुसरं भाषण सुरू होतं आणि त्यात तेच यंत्र एकदम नाजूक प्रकृतीचं निघतं. मदरबोर्डचा काही भरवसा नाही, स्क्रीन कधीही जाते, "आणि एकदा खर्च निघाला ना सर, की निम्मी किंमत!" हा सगळा अपशकुन चाललेला असतो एक्स्टेंडेड वॉरंटी खपवण्यासाठी. ग्राहकाने हे दुसरं भाषण कान देऊन ऐकावं. आपला माल बिघडू शकतो, हे कंपनी जन्मात एकदाच कबूल करते, ते इथे.

त्यानंतर संगणक आपणहून बिघडत नाही. तो कोणीतरी बिघडवलेला असतो, आणि संशयित घरातच असतात. वॉरंटीच्या कागदावर त्यांची यादी बारीक अक्षरात छापलेली असते: पाणी, चहा, झुरळं, उंदीर, विजेचा दाब, आपटणं, आणि 'अयोग्य वापर' नावाचा एक गुन्हा, ज्याची व्याख्या गरजेप्रमाणे करता येते. यंत्राच्या पोटात एक पांढरा कागदाचा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. कंपनीचा हा माफीचा साक्षीदार आपल्याच घरी, आपल्याच विजेवर वर्षभर राहतो आणि वेळ आली की आपल्याविरुद्ध साक्ष देतो. जुलै महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत ज्याची कपाटातली चप्पलसुद्धा बुरशी धरते, त्या माणसाने "पाणी लागलंच नाही" असं काउंटरवर शपथेवर सांगायचं असतं.

वॉरंटी आहे तोवर कंपनीला निदान काहीतरी कारण शोधावं लागतं. ती संपली, की कारणाचेही कष्ट वाचतात. तारीख पुरते.

सर्व्हिस सेंटरमधला संवाद साधारण असा होतो.

"काका, मदरबोर्ड गेलाय."

"म्हणजे त्यातलं नेमकं काय गेलंय?"

"मदरबोर्डच."

"अहो, पण त्यावरचा एखादा भाग गेला असेल ना?"

"आमच्याकडे भाग नसतो काका. आमच्याकडे बोर्ड असतो."

"केवढ्याला?"

तो स्क्रीन आपल्याकडे वळवतो. आकडा तोंडाने उच्चारण्याइतका कठोर तो नसतो.

"एवढ्यात नवीन येईल की!"

"तेच म्हणतोय मी. एक्स्चेंज ऑफर चालू आहे."

"पण हा दोष मूळचा आहे. पडला नाही, पाणी सांडलं नाही."

"मूळचा असता तर वॉरंटीतच दिसला असता ना काका?"

"आणि वॉरंटीनंतर दिसला तर?"

"तर तो मूळचा नसतो."

अशा तर्कशास्त्रापुढे काय बोलणार? तरी चिकाटीचा ग्राहक शेवटचा प्रश्न टाकतो. "या मॉडेलच्या अशा आणखी तक्रारी आल्यात का हो?" मुलगा हसून मान हलवतो. "नाही काका. तुमची केस पहिलीच."

त्या मुलावर चिडण्यात अर्थ नाही. पाटी कंपनीची असते, पण पुष्कळदा दुकान एजन्सीचं असतं आणि मुलगा एजन्सीच्याही एजन्सीचा. त्याला जे वाक्य दिलंय ते तो म्हणतो. ते वाक्य वरून कसं येतं, याची मात्र एक उत्तम नोंद अमेरिकेतल्या न्यायालयात जमा आहे.

प्रकरण डेल कंपनीचं आहे. तिच्या 'ऑप्टिप्लेक्स' संगणकांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर सदोष निघाले. कपॅसिटर म्हणजे बोर्डवर उभी असलेली नखाएवढी नळकांडी. विजेचा पुरवठा सुरळीत ठेवणं हे त्यांचं काम. या नळकांड्यांची डोकी फुगायची, आतलं द्रव गळायचं आणि संगणक बंद पडायचा. मे २००३ ते जुलै २००५ या काळात असा धोका असलेले निदान १ कोटी १८ लाख संगणक कंपनीने विकले. तीन वर्षांत त्यांतल्या ९७ टक्क्यांपर्यंत यंत्रांना त्रास होऊ शकतो, असा अंदाज कंपनीच्याच अभ्यासात निघाल्याचं खटल्यात मांडलं गेलं. शंभरातले सत्त्याण्णव! आमच्या लहानपणी एवढे मार्क पडले की पेपरात फोटो यायचा.

याच काळात टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडू लागले. कंपनीने तपासणी केली आणि निदान कळवलं: तुम्ही यांना फार अवघड गणितं घालता, त्याचा ताण आला. गणित विभागाला! संगणकाचा जन्मच आकडेमोडीसाठी झाला, हा समज त्या प्राध्यापकांनी बाळगला, ही त्यांची चूक. यंत्राला बेरीज-वजाबाकी द्यावी, फार तर बेचा पाढा. मधल्या सुट्टीत डबा द्यावा. 'अयोग्य वापर' ही संज्ञा किती लवचिक आहे, हे ज्यांना कळत नसेल त्यांनी हे निदान फ्रेम करून भिंतीवर लावावं.

काही ठिकाणी कंपनीने दयाबुद्धीने बोर्ड बदलूनही दिले. नव्या बोर्डवर तेच सदोष कपॅसिटर होते. विक्रेत्यांना सूचना होत्या, की हा विषय आपणहून ग्राहकापुढे काढू नका आणि कोणी विचारलंच तर अनिश्चिततेवर भर द्या. आमच्या काउंटरवरच्या मुलाचं 'केस पहिलीच' हे वाक्य अशा बियाण्यातून उगवतं. पण या कथेचा कळस पुढेच आहे. कंपनीची न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या फर्मकडेही याच जातीचे हजारभर संगणक होते, आणि ते दुरुस्त करून द्यायलाही कंपनीने खळखळ केली. आपल्या वकिलालाही सूट नाही. धोरण म्हणजे धोरण.

आता विचारा, हे सगळं आपल्याला कळलं कसं? कंपनीला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. २००५ मध्ये तिने या दुरुस्त्यांसाठी हिशेबात ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. म्हणजे तिच्या मुनिमाला सगळं ठाऊक होतं, फक्त ग्राहकाच्या कानावर घालायचं राहिलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका इंटरनेट कंपनीने २००७ मध्ये दावा लावला. तिच्याकडे अशी यंत्रं हजारोंनी होती, आणि तिची केस 'पहिलीच' आहे असं तिला सांगणं जरा जड गेलं असावं. २०१० मध्ये त्या खटल्यातली कागदपत्रं खुली झाली, कंपनीच्या आतले ईमेल वर्तमानपत्रात आले आणि पुढे तडजोड झाली.

म्हणजे ज्या बिघाडाला काउंटरवर नाव नसतं, त्याला मुख्यालयात नाव असतं, टक्केवारी असते आणि तरतूदही असते. ग्राहकाला हे कळू नये एवढीच खबरदारी घ्यायची असते, आणि त्यासाठी दोन ग्राहकांची एकमेकांशी गाठ पडू न देणं पुरेसं असतं. एकटा ग्राहक म्हणजे तक्रार. दोन म्हणजे योगायोग. हजार जमले, की त्या बिघाडाला अचानक 'मूळचा दोष' ही पदवी बहाल होते.

ही पदवी मिळाल्यावर काय होतं, तेही पाहा. ॲपलने २०१५ मध्ये लॅपटॉपला एक अतिशय पातळ कीबोर्ड बसवला. धुळीचा कण आत गेला, की एखादं बटण रुसायचं किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटायचं. लोक 'अ' लिहीत आणि पडद्यावर 'अअ' येई. मे २०१८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. जून २०१८ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. खरेदीपासून चार वर्षं, वॉरंटी संपली असली तरी चालेल. कीबोर्डपैकी अगदी थोड्यांनाच हा त्रास आहे, असं सोबत नमूद करायला कंपनी विसरली नाही. २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आपली काही चूक होती हे अर्थातच मान्य न करता. ज्यांना कीबोर्ड एकाहून अधिक वेळा बदलावा लागला, त्यांना ३९५ डॉलरपर्यंत मिळायचे होते. ही रक्कम अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या ग्राहकांसाठी होती. पुण्यातल्या विमाननगरची धूळ त्या मानाने कमी पडली असावी. चांदणी चौकाची तर विचारूच नका.

आपल्याकडे कायदा नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि तो वाचनीय आहे. त्यात उत्पादकाच्या दायित्वाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे तुमची हानी झाली तर उत्पादक जबाबदार. फक्त या 'हानी'त खुद्द त्या वस्तूचं नुकसान धरायचं नाही. म्हणजे लॅपटॉप पेटला आणि त्याखालचं टेबल जळालं, तर या प्रकरणाखाली टेबलाची भरपाई मागा. लॅपटॉपसाठी सदोष मालाची तक्रार निराळ्या कलमाने. तेव्हा संगणक नेहमी महागड्या टेबलावर ठेवावा.

एरवी कायदा ग्राहकाला बरंच काही देतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्ही सांगलीतच बसून लढू शकता. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असंही लिहिलंय. 'प्रयत्न करावा' या शब्दांवर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी एकदा आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसून यावं. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. निदान तिथे फोन केल्यावर 'तुमची केस पहिलीच' असं ऐकावं लागत नाही.

२०२२ च्या २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' नावाचं पोर्टलही सुरू केलं. कंपन्यांनी सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती कशी करायची, ही माहिती तिथे द्यावी अशी कल्पना. हेतू उत्तम आहे. हक्काला वेबसाइट मिळाली, आता सुटा भाग मिळाला की झालं.

दरम्यान मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या जिन्याखाली बसलेला कारागीर डोळ्याला भिंग लावून, मल्टिमीटरची टोकं बोर्डवर फिरवत सांगतो, "साहेब, बोर्ड चांगला आहे. एक लाइन शॉर्ट आहे, कपॅसिटर उडालाय." कंपनीच्या इमारतीत जो 'भाग' नसतो, तो याच्या प्लॅस्टिकच्या डबीत असतो. बोर्डचा नकाशा कंपनी त्याला देत नाही. तो कुठून तरी मिळवतो आणि गॅरंटी विचारली तर आकाशाकडे बोट दाखवतो. यंत्र मात्र सुरू होतं. वर कंपनी बजावते, की अनधिकृत माणसाचा हात लागला तर वॉरंटी रद्द. जी संपली म्हणून आपण त्याच्याकडे आलो, तीच!

तेव्हा ज्यांचा संगणक वॉरंटी संपल्यावर मूळच्या दोषाने बसला असेल, त्यांना इतकंच सुचवावंसं वाटतं. काउंटरवर आवाज चढवू नका, त्याची त्यांना सवय आहे. जॉबशीटवर बिघाडाचं कारण लिहून मागा, त्याची सवय नाही. "सिस्टिममध्ये तशी सोय नाही" असं उत्तर आलं, तर तेच ईमेलने कळवायला सांगा. टेक्सासच्या प्राध्यापकांना दिलेलं उत्तर आज जगाला माहीत आहे, कारण ते कुठेतरी लिहिलं गेलं होतं. आणि मग मागे वळून रांगेतल्या माणसाला मॉडेल नंबर विचारा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजाऱ्यांचे संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र भरायला शिकवते आहे. डाळ-तांदूळ एकत्र घेता येतात, तर तक्रार का नाही? एकाच स्वरूपाचं गाऱ्हाणं असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकच तक्रार दाखल करण्याची सोय कायद्यात आहे. रांगेतला तो माणूसही सांगेल, की आपली केस पहिलीच आहे. त्याच्या मागच्या बाईंचीही पहिलीच असेल. असे शे-दोनशे 'पहिले' एका कागदावर सह्या करून आयोगाच्या दारात उभे राहिले, की कंपनीला एका सकाळी ग्राहकांची विलक्षण काळजी वाटू लागते, आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, केवळ सद्भावनेपोटी, ती मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करते.