गुप्तदान, पण कळू द्या

गुप्तदान करणाऱ्याला आपल्याकडे एकच घोर असतो: लोकांना कळायचं कसं? देवळाच्या पायरीवर नाव, पाणपोईवर नाव, स्मशानातल्या बाकड्यावरही ‘सौजन्य’ म्हणून नाव. आणि मुद्दाम ‘गुप्तदान’ अशी पावती फाडून घेणारे अण्णा संध्याकाळी पारावर सगळ्यांत आधी ती पावतीच काढतात.

सरकारनेही हा प्रयोग करून पाहिला. २०१८ साली राजकीय पक्षांना देणगी द्यायला निवडणूक रोखे आले. देणारा गुप्त, घेणारा खूश. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि पुढच्याच महिन्यात नावांची यादी चव्हाट्यावर आली.

खरं निनावी दान बघायचं तर वैजापूर तालुक्यातल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहात पंगतीला बसावं. गावोगावच्या बाया भाकऱ्या थापतात, त्या गाड्या भरभरून येतात. जाड, पातळ, एखादी कडेला करपलेली. आमटीत कुस्करली की कुणाच्या चुलीवरची ते विचारायला सवड कुणाला? भाकरीवर नाव छापायची सोय अजून निघालेली नाही. गाडीला फ्लेक्स बांधायची मात्र आहे.