नव्याचे नऊ, दहाव्याचा कावळा

'नव्याचे नऊ दिवस' एवढे म्हणून आपली म्हण थांबते. दहाव्या दिवशी काय होते, ते सांगण्याचे काम तिने घाटावरच्या गुरुजींवर सोपवलेले आहे. इंटरनेटवरच्या सेवांनी ही उणीव आता भरून काढली आहे. तिथे दहावा दिवस ईमेलने येतो. मजकूर ठरलेला असतो: आधी तुमच्या प्रेमाबद्दल आभार, मग आपण मिळून केलेल्या सुंदर प्रवासाची आठवण, मग 'तुम्हाला अधिक चांगला अनुभव देता यावा म्हणून' ही सेवा अमुक तारखेला बंद होत असल्याची शुभवार्ता, आणि अगदी तळाशी, बारीक टायपात, तमुक तारखेनंतर तुमचे सगळे पुसले जाईल ही सूचना. निधनवार्ता बारशाच्या सुरात लिहिण्याची ही कला आपल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींना अजून साधलेली नाही. पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असे आपण समजतो. इथे इच्छा राहते ती मागे उरलेल्यांची, आणि कावळा मात्र कंपनीच्या पगारावर असतो.

स्मशानातली नोंदवही चाळायची म्हटली तर ती उपलब्ध आहे. गूगलने बंद केलेल्या सेवांची यादी ठेवणारे एक स्वतंत्र संकेतस्थळच आहे आणि त्यातल्या नोंदी अडीचशेच्या पुढे गेल्या आहेत. ऑर्कुट हे समाजमाध्यम २००४ च्या जानेवारीत जन्मले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला गेले. ते जाताना सांगितले गेले, की यूट्यूब, ब्लॉगर आणि गूगल प्लस यांची वाढ मोठी आहे, आता लक्ष तिकडे द्यायचे आहे. धाकट्याचा संसार मांडायला थोरल्याला घराबाहेर काढावे तसे हे झाले. पण गूगल प्लस नावाचा तो धाकटाही २ एप्रिल २०१९ ला गेला. त्याच्याबद्दल खुद्द कंपनीने २०१८ मध्ये कबूल केले होते, की तिथल्या ९० टक्के भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात. चुकून शेजारच्या घराची बेल वाजवणारा माणूससुद्धा 'माफ करा हं' म्हणून जिना उतरायला याहून जास्त वेळ घेतो. गप्पा मारण्यासाठी याच घराण्याने टॉक, हँगआउट्स, ॲलो आणि ड्युओ अशी इतकी दारे उघडली आणि लावली, की मूळ गप्पांपेक्षा 'आता कुठे बोलायचं?' याच गप्पा वाढल्या. हा रोग एका घराण्यापुरता नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतलेले स्काइप ५ मे २०२५ ला बंद झाले. पुण्या-नाशिकच्या कितीतरी आजी-आजोबांनी न्यू जर्सीतल्या नातवंडांचे पहिले दात ज्या खिडकीतून पाहिले, ती खिडकी अशी एका सोमवारी बुजवली गेली.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा येतो: जे जन्मले ते जाणारच, त्यात इंटरनेटलाच का नावे ठेवता? मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून तो २०१३ च्या जुलैवर घासून पाहू. त्या महिन्याच्या १ तारखेला गूगल रीडर बंद झाले. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन एका जागी आणून देणारी ही सेवा २००५ साली सुरू झाली होती. तिचे वय आठ. पुढे दोन आठवड्यांत, १४ जुलैच्या रात्री, भारतातली शेवटची तार घेतली गेली. तिचे वय जवळपास १६०. तारेने नव्याचे नऊ दिवस मोजले असते तर पहिले चार १८५७ च्या बंडातच संपले असते. पण वयापेक्षा मोठा फरक दुसराच आहे. तारखाते बंद झाले तेव्हा कोणाच्याही ट्रंकेतली तार जळाली नाही. आजोबांना नोकरी लागल्याची, आत्याला मुलगा झाल्याची, कोणीतरी अत्यवस्थ असल्याची तार ज्या घरी होती त्या घरीच राहिली, कारण पोचवणे हे तारखात्याचे काम होते आणि जपणे आपले. ऑर्कुटवरचे स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर लिहिलेले निरोप, मात्र ज्याने लिहिले त्याच्याकडेही नव्हते आणि ज्याला लिहिले त्याच्याकडेही नव्हते. ते तिसऱ्याच्याच माळ्यावर होते. पोचवणे आणि जपणे अशी दोन्ही कामे ज्याच्या हाती आपण दिली, त्याने दुकानाला कुलूप लावले की निरोप्या जातो आणि निरोपही जातो. माझी तक्रार निरोप्याच्या मरणाबद्दल नाही, निरोपाच्या सती जाण्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: फुकट खाल्लेत, आता ढेकर कडू आला म्हणून ओरडता कशाला? 'फुकट ते पौष्टिक' हे आपले राष्ट्रीय आहारशास्त्र असल्याने हा टोला वर्मी बसतो. १ एप्रिल २००४ ला जीमेलने एक जीबी जागा देऊ केली तेव्हा पुष्कळांना ते एप्रिल फूल वाटले, कारण त्या वेळी हॉटमेल दोन एमबी देत होते आणि याहू चार. २०१५ मध्ये गूगल फोटोजने तर हिशेबच सोडला आणि कितीही फोटो ठेवा म्हणाले. मग आपण गणपतीच्या आरासीचे चाळीस, मोदकांचे साठ आणि नैवेद्याच्या ताटाचे शंभर फोटो ठेवले. १ जून २०२१ पासून नियम बदलला आणि नवे फोटो १५ जीबीच्या पोत्यात मोजले जाऊ लागले. चोवीस वाढण्या सांगून पंगतीला बसवायचे आणि श्रीखंड आले की ताटाचा दर सांगायचा, अशातला हा भाग. तरीही आक्षेप मान्य करू: फुकट जेवणाऱ्याने चवीला नावे ठेवू नयेत. पण पैसे मोजणाऱ्यांचे काय झाले? २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. हुकूमशाहीत कागद कसे गायब केले जातात हे सांगणारी जॉर्ज ऑरवेलची '१९८४' ही कादंबरी त्यांत होती, यावर कोणत्याही विनोदी लेखकाला भर घालता येणार नाही. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही वाचकांकडून गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पहिल्या वेळी जेफ बेझोस यांनी माफीही मागितली; हे नोंदवलेच पाहिजे. पण अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या पुस्तकविक्रेत्याने रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक नेले आणि उशाशी नोटा ठेवल्या, तर त्याला आपण सचोटी म्हणत नाही, पोलिसांना बोलावतो. तेव्हा गोम फुकटात नाही. 'खरेदी करा' असे लिहिलेल्या बटणाखाली विक्री चाललेलीच नसते. चाललेली असते ती भाड्याची देवघेव, आणि तीही मालकाच्या मर्जीइतक्या मुदतीची.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो उडवून लावणे बरोबर नाही. प्रयोग करायचे तर फसण्याची मुभा हवी. तोट्यातले दुकान चालवत बसण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. दहा गोष्टी सुरू केल्या तर आठ बंद पडतील, पण उरलेल्या दोनांवर आज जग चालते. अगदी कबूल. गिरणीवाल्यालाही गिरणी बंद करण्याचा हक्क आहे. पण तो बंद करताना 'आपल्या सुंदर दळणप्रवासाबद्दल आभार' अशी पाटी लावून गावाचे डबे भंगारात घालत नाही. ज्याचा डबा त्याला परत करतो, आणि डब्यावर नाव नसले तर चार दिवस वाट पाहतो. हे शिष्टाचार इंटरनेटला अगदी माहीत नाहीत असेही नाही. गूगलने २०११ पासून आपला मजकूर उतरवून घेण्याची सोय दिली आहे; ऑर्कुट बंद करतानाही काही काळ ती होती. पण परत मिळालेल्या डब्यात पीठ कोणत्या रूपात असते तेही पाहायला हवे. हजारो तुकड्यांची एक फाइल हाती येते. तिच्यात आपली वाक्ये असतात, पण ज्यांना ती उत्तरे होती त्यांची वाक्ये पुष्कळदा नसतात. भांडणातली फक्त आपली बाजू जपून ठेवण्याची हौस काहींना असेलही. बाकीच्यांना तो संवाद वेड्याच्या बडबडीसारखा वाटतो.

'म्हणूनच स्वदेशी हवे,' असा चौथा आवाज आता उठेल. तोही प्रयोग झालेला आहे. २०२० मध्ये कू नावाचा पिवळा पक्षी उडाला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तो चिवचिवत होता, केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत तो विजेता ठरला, २०२१ मध्ये मंत्री आणि सरकारी खाती त्याच्या फांदीवर येऊन बसली. जुलै २०२४ मध्ये तो बंद झाला. तिकडे ट्विटरचा निळा पक्षीही सुखाने जगला असे नाही. त्याला विकत घेणाऱ्याने २०२३ मध्ये फुलीत रूपांतरित केले. दोन पक्ष्यांच्या या गोष्टीचे तात्पर्य एवढेच, की झाडाला पाणी घालणारा बदलला की घरटे कोणत्या देशाच्या काड्यांचे होते हे कोणी विचारत नाही.

मग इंटरनेटवर टिकते तरी काय? टिकलेल्यांकडे पाहिले की उत्तर सापडते. ईमेल १९७१ पासून आहे. रे टॉमलिन्सन यांनी नाव आणि यंत्र यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह बसवले, त्याला अर्धशतक उलटले. दरवर्षी कोणीतरी ईमेलच्या मृत्यूची घोषणा करतो आणि ती घोषणा ईमेलनेच पाठवतो. वेब टिकले, कारण ३० एप्रिल १९९३ ला सर्न या संस्थेने ते सगळ्यांसाठी मोकळे करून टाकले. या दोन्ही गोष्टींना मालक नाही, नियम आहेत. एका कंपनीने दार लावले तर दुसरीच्या दारातून तोच निरोप जातो. दुसऱ्या प्रकारची चिवट वस्तू म्हणजे छोट्या, हौसेने चालवलेल्या जागा. 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. त्यानंतर जन्मलेल्या ऑर्कुटचे दहावे झाले, गूगल प्लसचे झाले, कूचेही झाले, आणि मायबोलीवर पाककृतीत गूळ घालावा की साखर यावर माणसे अजून हमरीतुमरीवर येतात. अब्जावधी डॉलरच्या भांडवलाला जे जमले नाही ते आमटीतल्या गुळाला जमले, याचे कारण शोधायला व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागत नाही. तिथे ती जागा हाच मालकाचा उद्देश होता. बाकीच्यांचा उद्देश दुसरा होता आणि जागा हे त्याचे साधन. उद्देश साधला किंवा फसला, की साधन अडगळीत गेले.

शेवटचा आक्षेप सर्वांत कुत्सित: या तुमच्या स्क्रॅपांना आणि मोदकांच्या फोटोंना विचारतो कोण? गेले तर गेले. असेच याहूला २००९ मध्ये जिओसिटीज ही लोकांची संकेतपाने ठेवणारी सेवा बंद करताना वाटले असावे. लुकलुकणारे तारे आणि भडक पिवळी अक्षरे असलेली ती घरगुती पाने हौशी लोकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने धावपळ करून जमेल तितकी वाचवली. आज इंटरनेटचा आरंभ समजून घ्यायचा तर तीच पाहावी लागतात. हे मराठी माणसाला तरी शिकवायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जे कागद गोळा करत होते, त्यांत तह आणि सनदा होत्या तशा घरगुती याद्या आणि हिशेबही होते. ज्यांच्या माळ्यावर ते पडले होते त्यांनाही वाटतच होते, की याला विचारतो कोण. त्या कागदांना वाळवी लागली, पाणी लागले, काहींत वाण्याने पुड्या बांधल्या. तरी बरेच उरले, कारण ते हजार घरांत विखुरलेले होते. आपल्या काळाचे दप्तर चार-पाच कंपन्यांच्या कोठारात आहे. उद्याच्या राजवाड्यांना मोडी वाचता येऊन भागणार नाही, पासवर्ड आठवावा लागेल.

यात सरकार काय करू शकते? उत्तर सरकारनेच एकदा देऊन ठेवले आहे. २० जानेवारी २०११ पासून मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, आणि नंबर कंपनीचा असतो ही समजूत एका रात्रीत जुनी झाली. तोच न्याय मजकुराला लावणे, म्हणजे आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क, युरोपने मे २०१८ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाला तेव्हा तो हक्क वाटेत कुठेतरी गळून पडला होता. या कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा हक्क आहे, पुसण्याचा आहे, इतकेच काय, आपण मेल्यावर हे हक्क कोणी वापरायचे त्याचे नामांकन करण्याचाही आहे. म्हणजे वापरणारा मेला तर काय, याचा संसदेने विचार केला. सेवा मेली तर डबा परत कसा न्यायचा, याचा केला नाही. प्रत्यक्षात बंद पडलेल्या सेवांची यादी पाहता आधी कोण मरते हे उघड आहे. गळून पडलेले ते एक कलम परत घालावे, आणि बंद होणाऱ्या प्रत्येक सेवेने मजकूर वाचता येईल अशा रूपात परत देण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी, एवढीच मागणी आहे. भाडेकरूला घर सोडायला जितकी मुदत मिळते, तितकी आठवणींनाही मिळायला हरकत नसावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या लाडक्या सेवा वापरा, मनसोक्त वापरा. त्यांच्यावर रुसून चालत नाही आणि त्यांच्यावर विसंबूनही चालत नाही. फक्त जे गमावले तर हळहळ वाटेल, त्याची एक प्रत आपल्या कपाटातल्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातले दहा फोटो तरी कागदावर छापून घ्या. दहाव्याचे ईमेल आल्यावर गर्दी होते. गिरणी चालू आहे तोवरच डबा घरी आणा.