समजा, मी चोर आहे

दुसऱ्याच्या घरी चोरी झाली की आपल्या घरी अलार्मवाला येतो. ज्याच्याकडे चोरी झाली तो त्याला सहसा बोलावत नाही. आता राहिलंय काय, असा त्याचा रोकडा सवाल असतो. बोलावतात ते शेजारी. ‘कडी-कोयंडा उचकटून लाखोंचा ऐवज लंपास’ ही बातमी पेपरात आली आणि तीत आपल्या गल्लीचं नाव दिसलं, की निगडी-प्राधिकरणातल्या बंगल्यांतून त्याला फोन सुरू होतात. दिवाळी आणि मे महिना ही त्याची सुगी. लोक गावाला जातात, चोर कामाला लागतात आणि चोरांच्या मागोमाग हाही.

तो मोटारसायकलवरून येतो. टाकीवर ड्रिलची पेटी, मागच्या सीटवर एक पोऱ्या आणि पोऱ्याच्या खांद्यावर शिडी. पोऱ्याला आईबापांनी नाव ठेवलं असणारच, पण धंद्यात तो ‘छोट्या’. दारात चप्पल काढून, पाणी नको म्हणून, हा माणूस घराकडे अशा नजरेनं बघतो की घरमालकाच्या पोटात गोळा येतो. मग त्याचं ठरलेलं वाक्य येतं : “काका, समजा मी चोर आहे.”

काका नाइलाजानं समजतात. त्याला मात्र समजावं लागत नाही, तो होतोच. “हा पाइप. यावरून मी सज्ज्यावर. सज्ज्यावरून बाथरूमची खिडकी. काचेच्या पट्ट्या आहेत ना? एकेक काढणार आणि बाजूला नीट रचून ठेवणार. आवाज शून्य.” काकांनी आयुष्यभर ती खिडकी हवेसाठी उघडलेली असते. आता त्यांना तिथं रात्रंदिवस एक पाय आत येताना दिसू लागतो. “आणि मागचं दार? एक लाथ.” इथं काकू उसळतात : “अहो, अस्सल सागवानी आहे ते!” तो वाकून कोयंड्यावर टिचकी मारतो. “दार सागवानी आहे हो काकू. पण कोयंड्याचे स्क्रू अर्ध्या इंचाचे आहेत.” सागवानाचा इतका अपमान त्या घरात आजवर कुणी केलेला नसतो.

खरी परीक्षा पुढे असते. “दागिने कुठं ठेवता?” हा प्रश्न पोलीससुद्धा चोरी झाल्यावर विचारतात, हा आधी विचारतो. घरात शांतता पसरते. “छे, घरात काहीच नसतं. सगळं लॉकरमध्ये,” काका म्हणतात. त्याच क्षणी काकूंची नजर आतल्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटाकडे जाऊन परत येते. तो काही बोलत नाही. छोट्याला फक्त सांगतो, “एक सेन्सर आतल्या खोलीत घे. कपाटाच्या समोर.”

मग घासाघीस. इथं मध्यमवर्गीय माणूस चोराच्या वतीनं बोलू लागतो. “मागच्या खिडकीला सेन्सर कशाला? तिकडून कोण येतंय? चिखल असतो तिथं.” “वरच्या मजल्यावर नको, चोराला जिन्यानं दम लागेल.” सहा सेन्सरचं कोटेशन चारांवर येतं. उरलेल्या दोन खिडक्या कोणत्या, हे चोराला कळणार नाही अशा हिशेबानं व्यवहार पुरा होतो आणि ‘बिल लागेलच असं नाही’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी एकदम उच्चारलं जातं.

कामाला मात्र त्याचा हात बसलेला. सहाचं बिट लावून भोक, भोकात गिट्टी, गिट्टीत स्क्रू, वरून पांढरी पट्टी. छोट्या खाली कागद धरून उभा, कारण काकूंनी आत्ताच फरशी पुसलेली. दाराच्या चौकटीला एक तुकडा, फळीला दुसरा. एकात लोहचुंबक, दुसऱ्यात बारीकशी पत्ती. दार उघडलं की दोघांची ताटातूट होते, विजेचं मंडल तुटतं आणि पॅनेलला खबर लागते. दारानं घंटा वाजवायची ही कल्पना जुनी आहे. बोस्टनजवळच्या सॉमरविल गावच्या ऑगस्टस पोप यानं १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार-खिडकी हलली की मंडल जुळून घंटा वाजायची. आमच्या अलार्मवाल्याला पोप ठाऊक नाही. पण दारावर विश्वास ठेवू नये, ही शिकवण दोघांची एकच.

सगळं बसलं की प्रात्यक्षिक. हूटर एकदा असा काही बोंबलतो की गल्लीतली कुत्री, समोरचे निवृत्त इंजिनिअर आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एकदमच फाटकाशी येतात. हीच त्याची जाहिरात. तिथंच त्याला पुढची दोन कामं मिळतात.

त्यानंतर आकडा. “घरात शिरल्यावर तीस सेकंदांत हा कोड दाबायचा. वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको, एक-दोन-तीन-चार तर नकोच.” सोबत बसवलेल्या कॅमेऱ्यांचाही पासवर्ड बदला, असं तो जीव तोडून सांगतो, आणि इथं तो अगदी बरोबर असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर असेच ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता. काका गंभीरपणे मान हलवतात. त्यांना थोडं कमी ऐकू येत असल्यामुळे ते कोड मोठ्यानं म्हणून खात्री करून घेतात, मग तो इस्त्रीवाल्यालाही पाठ होतो. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली तो लिहून ठेवतात. कॅलेंडर पॅनेलच्या शेजारीच असतं, कारण खिळा तिथंच होता.

खरा संसार सुरू होतो तो पहिल्या रात्री. अडीच वाजता हूटर वाजतो. काका हातात काठी, काकू काकांच्या मागे, आणि फोनवर तो. “काका, घाबरू नका. सेन्सरवर बघा. पाल आहे?” पाल असते. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, त्याला कळते ती फक्त हलणारी ऊब. अंगाला खेटून बसलेली पाल त्याला आडदांड दरोडेखोराएवढी वाटते. फोनवरच्या आवाजावरून तो निदान करतो : पडदा हलतोय, मांजर शिरलंय, उंदीर वायर कुरतडतोय. “चोर येईल तेव्हा येईल काका, पाल रोज येते,” हे त्याचं तत्त्वज्ञान. पालीला घालवायला अंड्याचं टरफल ठेवा, हा सल्लाही तोच देतो, फुकट.

अमेरिकेतला मुलगा ही त्याची दुसरी डोकेदुखी. न्यू जर्सीत बसून मुलगा मोबाइलवर निगडीचं अंगण बघतो आणि आईला फोन करतो : “गॅलरीचं दार उघडं का? बाबा शिडीवर का चढलेत?” कॅमेरे चोरासाठी बसवले होते, पहिले पकडले गेले ते बाबा, आणि तेही मधुमेह असताना जिलबीच्या पुडक्यासह. दुसऱ्या दिवशी बाबा अलार्मवाल्याला हळूच विचारतात, “जेवणघरातला कॅमेरा जरा भिंतीकडे वळवता येईल का हो?” येतो. त्याचे पैसे तो घेत नाही. पुरुषांनी पुरुषांसाठी करायची काही कामं असतात.

त्याला चिडवायचं असेल तर शनिशिंगणापूरचा विषय काढावा. “तिथं घरांना दारं नाहीत म्हणतात. तुझा धंदा कसा चालायचा?” तो हसतो. २०११ साली युको बँकेनं तिथं ‘कुलूप नसलेली’ शाखा काढली, ही गोष्ट त्याला पाठ आहे. “कुलूप नव्हतं साहेब. पण दाराला लोहचुंबकाचं लॉक होतं की! रिमोटवर चालणारं. शेवटी आमच्याच लाइनीतलं.”

सहा महिन्यांनी भीती ओसरते. पाल, पडदा आणि नातवंडं यांच्या कटकटीला कंटाळून काका पॅनेल बंद करतात, ते बंदच राहतं. बॅटरी बसते. वार्षिक देखभालीच्या आठवणीला ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं उत्तर जातं. कामाची शेवटची हजार-दोन हजारांची रक्कमही तशीच लटकते. तो दर सणाला शुभेच्छांच्या मेसेजखाली अदबीनं तिची आठवण करून देतो. मग पुढच्या गल्लीत कुणाचा तरी कडी-कोयंडा उचकटला जातो आणि काका घाईघाईनं फोन लावतात.

तेव्हा वाचकहो, बाहेर पडताना बटण दाबा, आकडा कॅलेंडरवरून खोडा आणि कोयंड्याचे स्क्रू आजच बदला. आणि त्याचे राहिलेले पैसे चुकते करा. ज्या माणसाला आपल्या घराच्या सगळ्या कच्च्या जागा आणि कपाटाचा कोपरा ठाऊक आहे, त्याची उधारी ठेवू नये.